गेम मधेच बंद पडतोय: दोष ड्रायव्हरचा, पॉवरचा की डीएक्स१२ चा? (कोल्हापूर)

करवीर_गेमर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राजारामपुरीतल्या एका छोट्या गेमिंग कॅफेतल्या मशीनबद्दल विचारायचं आहे. मशीन तीन प्रकारची आहेत.

अ) आय५ १२४००एफ, जीटीएक्स १६५० ४ जीबी, १६ जीबी रॅम, विंडोज ११. अनरियल ५ इंजिनवरचा गेम दहा-वीस मिनिटं नीट चालतो, मग स्क्रीन क्षणभर काळी होते आणि 'डिव्हाइस रिमूव्ह्ड' असा मेसेज देऊन गेम बंद. विंडोज मात्र चालू राहतं.

आ) रायझन ५ ३६००, सेकंडहँड आरएक्स ५८० ८ जीबी, ५०० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), विंडोज १०. इथे अख्खं मशीनच रीस्टार्ट होतं. जास्त करून संध्याकाळी.

इ) आय५ ४५७०, जीटी ७१०, २ जीबी. नवे गेम सुरूच होत नाहीत.

सगळी मशीन ६०० व्हीएच्या एकेका यूपीएसवर आहेत. ड्रायव्हर सगळीकडे नवा टाकलाय. आता डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारं टूल) मारून परत टाकू का? आणि गेमने कार्डाशी कसं बोलायचं त्याचे डीएक्स११, डीएक्स१२ (डीएक्स म्हणजे डायरेक्टएक्स), व्हल्कन असे पर्याय गेममध्ये येतात, त्यातलं कायमचं कोणतं लावून ठेवू?

---

सोल्डरवाला

भावा, आधी डीडीयू बाजूला ठेव. या तीन तक्रारी दिसायला सारख्या आहेत, पण तिन्हीची कारणं वेगळी निघणार. पहिल्यांदा पुरावा बघायचा.

इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. गेम बंद पडला त्या मिनिटाच्या नोंदी बघ.

'डिस्प्ले' सोर्सची ४१०१ किंवा 'एनव्हीएलडीडीएमकेएम'ची १३, १४, १५३ दिसली तर ग्राफिक्स कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर नव्याने सुरू केला, असा अर्थ.

'कर्नल-पॉवर' ४१ दिसली तर तिच्या डिटेल्समध्ये 'बगचेककोड' बघ. तो शून्य असेल तर विंडोजला क्रॅश नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुतेक वीजच गेली. २७८ असेल तर तो ड्रायव्हरच्या टाइमआउटचा ब्लू स्क्रीन आहे (हेक्समध्ये ११६).

'डब्ल्यूएचईए-लॉगर' असेल तर प्रोसेसर, रॅम किंवा पीसीआय एक्सप्रेस स्लॉटकडे बघायचं. ड्रायव्हर कितीही बदललास तरी त्याचा उपयोग नाही.

शिवाय स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलंस की रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. तिथे 'लाइव्हकर्नलइव्हेंट' १४१ किंवा ११७ असेल तर तेही लिही.

---

करवीर_गेमर

बघितलं. अ वर ४१०१ आणि सोबत १५३. आ वर फक्त कर्नल-पॉवर ४१, बगचेककोड शून्य. इ वर काहीच नोंद नाही.

---

सोल्डरवाला

मग आ चा निकाल जवळजवळ लागला. हिशेब कर. आरएक्स ५८० चं बोर्ड पॉवर १८५ वॅट. रायझन ३६०० वर लिहिलेले ६५ वॅट असले तरी तो ८८ वॅटपर्यंत घेतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ४० धर. झाले ३१३. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीकडून ३६८ वॅट. त्याच यूपीएसवर मॉनिटर असेल तर आणखी २५. म्हणजे ३९० च्या वर. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. व्होल्टेज खाली आलं की तो बॅटरीवर जातो, त्याच वेळी गेम पूर्ण लोडवर असतो आणि यूपीएस ओव्हरलोड होऊन हात वर करतो. संध्याकाळी सगळीकडे दिवे, मोटारी चालू होतात, तेव्हाच व्होल्टेज पडतं. तुझी वेळ त्याच्याशी जुळतेय.

चाचणी सोपी आहे: मशीन यूपीएसवरून काढ, अर्थिंग असलेल्या थ्री-पिन सॉकेटला थेट लाव आणि तोच गेम चालव. नाही बंद पडलं तर १००० व्हीए किंवा त्याहून मोठा यूपीएस घे, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा. तोवर एएमडीच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स, ट्यूनिंग, तिथे पॉवर लिमिट उणे २० टक्के ठेव. फ्रेम थोड्या कमी होतील, मशीन टिकेल.

थेट सॉकेटवरही पडलं तर एसएमपीएस आणि कार्ड. कार्डाच्या ८ पिनला 'साटा'वरून काढलेला कन्व्हर्टर लावला असेल तर आजच काढ. साटा कनेक्टरची १२ व्होल्टची क्षमता ५४ वॅट आहे आणि ८ पिन १५० वॅट मागू शकतो. तो जळतो.

---

पंचगंगाकाठ

सेकंडहँड आरएक्स ५८० म्हणताय तर क्रिप्टो मायनिंगसाठी कार्डाचं बायोस बदललंय का तपासाच. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं टूल) उघडून मेमरी क्लॉक बघा. ८ जीबीच्या कार्डावर तो सहसा २००० मेगाहर्ट्झ असतो. त्याहून वेगळा दिसला किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ आला तर बायोस बदललेलं असण्याची शक्यता मोठी. बदललेल्या बायोसची सही जुळत नाही म्हणून एएमडीचा ड्रायव्हर कार्ड चालू करत नाही. काही कार्डांच्या वरच्या कडेला बारीक स्विच असतो, त्यावर दुसरं मूळ बायोस मिळतं. मशीन पूर्ण बंद करून, वायर काढून मगच स्विच सरकवा.

आणि आपल्याकडचा पावसाळा विसरू नका. जून ते सप्टेंबर दमट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड, एका दिशेने पुसा. खोडरबराने घासू नका, मुलामा जातो. मग जीपीयू-झेडमध्ये 'बस इंटरफेस' समोरचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवा. १६ लेनचं कार्ड ८ किंवा ४ वर चालत असेल तर संपर्क नीट बसलेला नाही.

---

सोल्डरवाला

आता अ. इथे ड्रायव्हर खरोखर पडतोय, पण म्हणून दोष ड्रायव्हरचाच असं नाही. विंडोज कार्डाला २ सेकंद देतं. ६० फ्रेमच्या हिशेबाने १२० फ्रेमचा वेळ झाला. एवढ्या वेळात कार्डाने उत्तर दिलं नाही तर ते अडकलं असं धरून विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं. रजिस्ट्रीत 'टीडीआर डिले', म्हणजे हीच मुदत, वाढवून ८ किंवा १० करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. ब्लेंडरमध्ये जड रेंडर करणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. गेमसाठी नाही. कारण अडकलेलं कार्ड तसंच राहतं, फक्त स्क्रीन २ ऐवजी १० सेकंद गोठते.

क्रम असा ठेव, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल:

१. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'हेल्प' मेनूत 'डीबग मोड' आहे. तो कंपनीने केलेलं ओव्हरक्लॉक काढून कार्ड मूळ क्लॉकवर आणतो. त्यावर गेम टिकला तर कार्डाचा क्लॉक दोषी. आफ्टरबर्नरमध्ये (क्लॉक बदलायचं टूल) कायमचा ५० ते १०० मेगाहर्ट्झ कमी कर.

२. रॅमचं एक्सएमपी (वाढीव वेगाचं सेटिंग) बंद करून बघ.

३. गेम डीएक्स११ वर चालव. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल, लाँच ऑप्शन्स. तिथे वजाचं चिन्ह आणि लगेच 'डीएक्स११', इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता. गेम बनवणाऱ्यांनी डीएक्स११ चे शेडर (चित्र काढायला कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) सोबत दिलेच नसतील तर तो सुरू होणार नाही. मग ऑप्शन काढून टाक.

४. टेक्स्चर एक पायरी खाली. ४ जीबीतले काहीशे एमबी विंडोज आणि ब्राउझरच खातात.

५. एवढं करूनही होत असेल तरच डीडीयू.

---

रंकाळा_६०एफपीएस

डीडीयू करायचंच झालं तर तीन गोष्टी लक्षात ठेवा, लोक तिथेच अडकतात.

नवा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा आणि लॅनची वायर काढा. नाहीतर जुना ड्रायव्हर निघाल्याबरोबर विंडोज अपडेट स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं.

सेफ मोडमध्ये जायच्या आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. चालू असेल तर रिकव्हरी की लिहून घ्या. ४८ आकडी असते, मागितली आणि नसली तर डेटा गेला समजा. अकाउंटचा पासवर्डही हाताशी असू द्या, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.

शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, ४. डीडीयूमध्ये जीपीयू आणि कंपनी निवडून 'क्लीन अँड रीस्टार्ट'. मग ड्रायव्हर टाका, शेवटी लॅन जोडा.

दर अपडेटला हे करायची गरज नाही. इन्स्टॉलरमधला 'क्लीन इन्स्टॉलेशन' पुरतो. डीडीयू खरा लागतो तो एएमडीचं कार्ड काढून एनव्हिडियाचं लावताना, किंवा इन्स्टॉल अर्ध्यात लाइट गेल्यावर.

---

करवीर_गेमर

ड्रायव्हर टाकल्यावर पहिला तासभर गेम अडखळतात. गिऱ्हाईक तक्रार करतं. तो ड्रायव्हर खराब समजायचा का?

---

शेडरताई

नाही. ड्रायव्हर बदलला की जुना शेडर कॅशे निकामी होतो. कार्डाला समजेल अशा भाषेत प्रत्येक शेडर पुन्हा कंपाइल होतो आणि तेवढा वेळ फ्रेम अडखळते. नव्या ड्रायव्हरनंतर प्रत्येक गेम एकदा सुरू करा आणि 'कंपायलिंग शेडर्स'ची पट्टी पूर्ण होऊ द्या. गिऱ्हाईक यायच्या आधी हे उरकून ठेवा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशे साइझ १० जीबी ठेवा. एसएसडी भरत आली म्हणून डिस्क क्लीनअप चालवताना 'डायरेक्टएक्स शेडर कॅशे'ची खूण काढा, नाहीतर केलेलं काम पुन्हा करावं लागेल.

याच वेळचा एक क्रॅश मुद्दाम सांगते, कारण तो हमखास कार्डावर ढकलला जातो. आय७ किंवा आय९ची १३वी-१४वी पिढी, अनरियलचा गेम, शेडर कंपाइल होताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी'. कार्ड १२ जीबीचं असलं तरी. तिथे मेमरी कमी पडलेली नसते, प्रोसेसर चुकीचं गणित करत असतो. इंटेलने हा दोष मान्य केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये १२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) दिला. मदरबोर्डचं बायोस अपडेट करा. प्रोसेसरची आधीच झीज झाली असेल तर बायोसने तो बरा होत नाही, वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, डीएक्स११ की १२. आकडा मोठा म्हणून १२ चांगलं, असं धरू नका. ११ हे २००९ मध्ये विंडोज ७ सोबत आलं. त्यात मेमरी कुठे ठेवायची, कोणतं टेक्स्चर वाचून होईपर्यंत त्यावर लिहू द्यायचं नाही, ही राखण ड्रायव्हर करतो. एनव्हिडिया-एएमडीच्या लोकांनी ते वर्षानुवर्षं घासून नीट केलंय. २०१५ चं डीएक्स१२ आणि २०१६ चं व्हल्कन यांनी ती जबाबदारी गेमवर टाकली. गेमच्या इंजिनियरांनी ती नीट पेलली तर प्रोसेसरवरचा भार कमी होतो आणि सगळे कोअर वापरता येतात. नाही पेलली तर अडखळणं, 'डिव्हाइस रिमूव्ह्ड', मेमरी भरणं. म्हणून तोच ड्रायव्हर, तेच कार्ड, आणि एक गेम १२ वर मखमली चालतो तर दुसरा दर वीस मिनिटांनी पडतो.

तुमच्या मशीनपुरतं सांगायचं तर:

जीटीएक्स १६५० वर पर्याय असेल तर ११ पासून सुरुवात करा. ४ जीबीवर १२ मध्ये मेमरी लवकर भरते.

आरएक्स ५८० वर व्हल्कनचा पर्याय असेल तर तो आधी वापरून बघा. डीएक्स११ मध्ये एएमडीचा जुना ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकायचा, त्यामुळे या कार्डाला व्हल्कनचा फायदा दिसतो. मात्र पोलारिस (आरएक्स ५८० ची पिढी) आणि व्हेगा कार्डांना २०२३ च्या शेवटापासून एएमडीने वेगळ्या शाखेत ठेवलंय. नव्या गेमसाठी खास सुधारणा आता त्यांना मिळत नाहीत.

जीटी ७१० वर ११, किंवा जुने गेम.

---

कसबा_बावडा

इ च्या मशीनवर डीएक्सडायग (विंडोजचं डायरेक्टएक्स तपासायचं टूल) लावलं तर 'डायरेक्टएक्स १२' असं स्वच्छ लिहून येतंय की. मग गेम नाही का म्हणतोय?

---

शेडरताई

पहिल्या पानावरचा तो आकडा विंडोजचा आहे, कार्डाचा नाही. 'डिस्प्ले' टॅबवर जा, तिथे 'फीचर लेव्हल्स'ची, म्हणजे कार्डाला किती जमतं त्याची, ओळ बघा. जीटी ७१० वर ती ११_० ला संपते. १६५० वर १२_१ पर्यंत जाते. गेम १२_० मागत असेल तर ७१० वर कुठलाही ड्रायव्हर टाकला तरी तो चालणार नाही.

७१० हे केपलर पिढीचं. २०२१ मध्येच एनव्हिडियाने त्याचे गेम ड्रायव्हर थांबवले, ४७० च्या शाखेवर व्हल्कन १.२ ला ते अडकलं. आता मॅक्सवेल आणि पास्कलचाही नंबर लागलाय, म्हणजे ९७०, १०५० टीआय, १०६० वगैरे. त्यांच्यासाठी ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा. गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत होते, आता फक्त सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत. सेकंडहँड घेताना १०६० आणि १६५० यात थोड्याच रुपयांचा फरक असेल तर हे डोक्यात ठेवा.

---

पंचगंगाकाठ

७१० वर जुने डीएक्स९ गेम अडखळत असतील तर डीएक्सव्हीके बघा. डीएक्स९ ते ११ च्या हाका तो व्हल्कनमध्ये बदलतो. पण २.० आणि पुढच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागतं, त्यामुळे या कार्डावर १.१०.३ हीच घ्यायची. गेम ३२ बिटचा असेल तर एक्स३२ फोल्डरमधली 'डी३डी९' डीएलएल गेमच्या ईएक्सईशेजारी ठेवा. नको असेल तेव्हा फाइल काढली की मूळ स्थिती. ऑनलाइन, अँटी-चीट असलेल्या गेममध्ये हे अजिबात करू नका, अकाउंट बंद होऊ शकतं.

---

सायबर_चौक

विषयाला धरूनच विचारतो. आम्ही चौघं फायनल इयरला पीसी गेम बनवतोय. असल्याच मशीनवर चालला पाहिजे. स्वतःचं व्हल्कन इंजिन लिहायचं मनात आहे, काही भाग लिहूनही झालाय. बरोबर चाललंय का?

---

शेडरताई

गेम दाखवायचा आहे की इंजिन, ते चौघांनी आज बसून ठरवा. व्हल्कनमध्ये स्क्रीनवर एक रंगीत त्रिकोण आणायला हजारभर ओळी लागतात आणि त्या ओळींनी गेम पुढे सरकत नाही. ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग हाच तुमचा विषय असेल तर जरूर लिहा, त्यासारखं शिक्षण नाही. गेम हवा असेल तर तयार इंजिन घ्या आणि एपीआय (डीएक्स११, व्हल्कन वगैरे) तिथे निवडा.

युनिटीत प्लेयर सेटिंग्जमध्ये विंडोजसाठीचं 'ऑटो ग्राफिक्स एपीआय' बंद करा आणि यादीत डीएक्स११ सगळ्यात वर ठेवा. गोडो ४ मध्ये 'फॉरवर्ड प्लस'ला व्हल्कन किंवा डीएक्स१२ लागतं, 'कंपॅटिबिलिटी' ओपनजीएल ३.३ वर चालतं. ७१० आणि जुन्या इंटेल ग्राफिक्सवर चालायला हवं असेल तर कंपॅटिबिलिटी. अनरियल ५ मध्ये प्रोजेक्ट सेटिंग्ज, प्लॅटफॉर्म्स, विंडोज, 'टार्गेटेड आरएचआय'मध्ये डीएक्स११ चे शेडरही टिक करा, पण नॅनाइट (बारीक तपशिलाची मॉडेलं दाखवायची अनरियलची सोय) ११ वर मिळत नाही हे मॉडेल बनवायच्या आधीच धरून चला.

लॅपटॉपवर गेम इंटेलच्या चिपवर सुरू होतो आणि लोक गेमलाच नावं ठेवतात. तयार इंजिनात ही सोय असते. स्वतः लिहित असाल तर एनव्हिडिया आणि एएमडी दोघांनी ठरवून दिलेलं एकेक नाव ईएक्सईमधून १ या किमतीने एक्स्पोर्ट करावं लागतं, तरच वेगळं कार्ड जागं होतं.

---

सायबर_चौक

ग्राफिक्स हाच विषय आहे ताई, इंजिनच दाखवायचं आहे. मग एक अडचण सांगतो. १६५० वर सगळं स्वच्छ दिसतं. आरएक्स ५८० वर जिथे दोन मटेरियल एकमेकांना लागतात तिथे चौकोनी तुकड्यांत चुकीचं टेक्स्चर दिसतं, कॅमेरा हलला की तुकडे नाचतात. व्हॅलिडेशन लेयर (व्हल्कनच्या वापरातल्या चुका दाखवणारी सोय) गप्प आहे. हा एएमडीच्या ड्रायव्हरचा बग का?

---

शेडरताई

ड्रायव्हरवर तक्रार टाकायच्या आधी तुमचा शेडर बघा. सगळी टेक्स्चर एका मोठ्या ॲरेत ठेवून मटेरियलच्या नंबराने उचलताय ना? लक्षण तेच सांगतंय.

आरएक्स ५८० चं हार्डवेअर ६४ पिक्सेल एका गटात चालवतं आणि टेक्स्चरचा पत्ता त्या अख्ख्या गटासाठी एकाच स्केलर रजिस्टरमध्ये ठेवतं. गटातल्या निम्म्या पिक्सेलना वीट आणि निम्म्यांना लाकूड हवं असेल तर शेडरमध्ये तसं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर सगळ्या ६४ ना एकच मिळतं. म्हणून चौकोनी तुकडा, आणि म्हणून फक्त सांध्यावर. एनव्हिडियाचं हार्डवेअर प्रत्येक पिक्सेलला वेगळा पत्ता घेऊ देतं, तिथे चूक झाकली जाते. शेडर एचएलएसएल भाषेत असेल तर इंडेक्सभोवती 'नॉनयुनिफॉर्मरिसोर्सइंडेक्स' लावा, जीएलएसएल भाषेत असेल तर 'नॉनयुनिफॉर्म-ईएक्सटी', आणि जीएलएसएलमध्ये त्याचं एक्स्टेन्शन वर चालू करा. व्हॅलिडेशन लेयर ही चूक बहुधा पकडत नाही.

अशीच दुसरी जागा म्हणजे इमेज लेआउट (मेमरीतली इमेजची मांडणी) आणि बॅरियर (आधीचं काम संपेपर्यंत पुढचं थांबवणारी आज्ञा). रेंडर टार्गेटवर, म्हणजे चित्र काढायच्या इमेजवर, लिहून लगेच ते टेक्स्चर म्हणून वाचताना बॅरियर विसरला तर एनव्हिडियावर बहुतेक वेळा काही दिसत नाही. एएमडीवर तीच इमेज आतून कॉम्प्रेस केलेली असते आणि कचरा दिसतो. व्हल्कन कॉन्फिग्युरेटरमध्ये 'सिंक्रोनायझेशन व्हॅलिडेशन' मुद्दाम चालू करा, ते मुळात बंद असतं.

---

सायबर_चौक

इंडेक्सभोवती लावलं, ५८० वरचे तुकडे गेले. आता राहिला एक प्रश्न: अल्ट-टॅब करून खिडकी मिनिमाइझ केली की इंजिन पडतं. दोन्ही कार्डांवर.

---

शेडरताई

मिनिमाइझ केल्यावर खिडकीची रुंदी-उंची शून्य येते आणि शून्य मापाचा स्वॉपचेन (स्क्रीनवर दाखवायच्या इमेजची साखळी) बनवता येत नाही. माप शून्य असेपर्यंत रेंडर लूप थांबवा आणि विंडोजच्या इव्हेंटची वाट बघा. परत आल्यावर 'आउट ऑफ डेट' मिळेल, तेव्हा डिव्हाइस रिकामं होईपर्यंत थांबून जुना स्वॉपचेन टाका, नवा बनवा आणि त्याच्या मापावर अवलंबून असलेल्या सगळ्या इमेज, विशेषतः डेप्थ बफर (प्रत्येक पिक्सेलचं अंतर ठेवणारी इमेज), नव्या मापाने बनवा. डेप्थ बफर बनवायचा राहून जातो आणि मग खिडकी मोठी केल्यावर इंजिन पडतं, म्हणून खिडकी मोठी करूनही बघा.